एक पार्टी आहे आपली...

करसल्लागाराला आपलं दुःख घरी सांगता येत नाही. क्लायंटचं नाव घ्यायची सोय नसते आणि नाव वगळलं की उरतं नुसतं कलम. रात्री साडेदहाला पानावर बसून "आज एकशे एकोणचाळीस नऊची नोटीस आली" म्हटलं, की बायको आमटी वाढता वाढता विचारते, "म्हणजे काय?" म्हणजे रिटर्न सदोष ठरवलं. "मग दुरुस्त करा की," म्हणून ती भाताकडे वळते. तिचंही बरोबरच आहे. वकिलाकडे खुनाच्या गोष्टी असतात, डॉक्टरकडे ऑपरेशनच्या. आमच्याकडे काय, तर फॉर्म सोळा आणि सव्वीस एएसमध्ये बाराशे रुपयांचा फरक. तो फरक शेवटी सापडला की होणारा आनंद कळू शकणारा माणूस सगळ्या गावात एकच असतो, आणि तो म्हणजे जिन्यापलीकडच्या गाळ्यातला दुसरा करसल्लागार. तोच, ज्याच्याकडे मागच्या दिवाळीत आपलं एक चांगलं गिऱ्हाईक निघून गेलं.

सांगलीत हरभट रोडच्या बाजूला आमची जी इमारत आहे, तिच्यात असे परस्परांचे प्रतिस्पर्धी एकाच जिन्यावर नांदतात. तळमजल्यावर काका. विक्रीकराच्या जमान्यापासूनचे. त्यांनी विक्रीकर गेलेला पाहिला, व्हॅट आलेला पाहिला, तोही गेलेला पाहिला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा "हाही जाईल" असं म्हणून ते चहा प्यायला गेले. पहिल्या मजल्यावर सीए मॅडम. त्यांच्या समोरच्या दारात वकीलसाहेब, जे फक्त अपिलं लढवतात आणि त्यामुळे जुलै महिन्यात आमच्याकडे भूतदयेने पाहतात. वरच्या मजल्यावर मी. खाली चहाची गाडी. संध्याकाळी सात वाजता आणि हंगामात रात्री अकरा वाजता या गाडीपाशी जी बैठक भरते, तिचा अजेंडा वर्षानुवर्षं एकच आहे. क्लायंटला शिव्या देणे.

पण शिव्या देण्यालाही नियम आहेत. नाव घ्यायचं नाही. गोष्टीची सुरुवात ठरलेली: "एक पार्टी आहे आपली..." पुढे धंदा बदलून सांगायचा, तालुका बदलून सांगायचा, मुलाची मुलगी करायची. हळदीच्या अडत्याला बेदाण्याचा व्यापारी करायचा, तासगावच्या माणसाला मिरजेत राहायला पाठवायचं. एवढं करूनही तिसऱ्या वाक्याला सगळ्यांना माणूस कळलेला असतो, कारण गाव सांगली आहे, मुंबई नव्हे. कळलं तरी कुणी बोलत नाही. एकदा अशीच एक गोष्ट रंगात आली होती. एका पार्टीने बायकोच्या नावावर, मेव्हणीच्या नावावर आणि बहुधा म्हशीच्याही नावावर पैसे गुंतवले होते. तेवढ्यात तीच पार्टी स्कूटरवरून समोर उतरली आणि म्हणाली, "काय साहेब, सगळे एका जाग्याला? आमचं कधी करताय?" चौघांनीही एकदम आपापल्या ग्लासात पाहिलं. चहात पाहण्यासारखं काही नव्हतं.

या गोष्टी ऐकून बाहेरच्या माणसाचा असा समज होईल, की लोक कर बुडवतात म्हणून आम्ही वैतागतो. तसं नाही. बुडवण्याचा विचार करायला आधी कागद लावावे लागतात, आणि कागद लावणारा माणूस आम्हाला फार क्वचित भेटतो. आमचा वैताग पिशवीबद्दल असतो.

पिशवी साडीच्या दुकानाची असते. बंद व्हायला भांडणाऱ्या चेनची, बहुधा पिवळी. पार्टी ती टेबलावर ठेवते आणि म्हणते, "सगळं आहे बघा ह्यात. दोन मिनिटांचं काम आहे." सगळं म्हणजे खरोखरच सगळं. पेट्रोल पंपाच्या पावत्या, ज्यांच्यावरची शाई उडून कागद जन्माला आला तेव्हासारखा कोरा झालेला. लाइट बिल. पोराच्या शाळेची फी. गुडघेदुखीचं प्रिस्क्रिप्शन. कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, आणि ती मात्र मुद्दाम ठेवलेली, कारण तिच्या पाठीवर वर्षभराच्या उसनवारीचा हिशोब. आणि तळाशी स्पीड पोस्टाचं न फोडलेलं पाकीट. "हे काय?" "काय तरी आलतं मार्चमध्ये. इंग्रजीत होतं. म्हटलं, साहेब वाचतील." साहेब वाचतात. उत्तराची मुदत एप्रिलात संपलेली असते. "तर मग आता काय टेन्शन न्हाई," पार्टी सुटकेचा निःश्वास टाकते.

मॅडमनी एकदा पिशवीवर उपाय केला. सगळ्या क्लायंटना छापील यादी पाठवली: बँक स्टेटमेंट, व्याजाचा दाखला, विम्याची पावती, घरकर्जाचा दाखला, प्रत्येकापुढे चौकोन, असेल तर बरोबरची खूण करा. पंधरा दिवसांनी याद्या परत आल्या. सगळ्या चौकोनांत सुबक खुणा होत्या. सोबत कागद एकही नव्हता. काका म्हणाले, "पुढल्या वर्षी नुसती पिशवीच पाठवा त्यांना. भरून तरी आणतील."

पिशवीचा आधुनिक अवतार म्हणजे व्हॉट्सॲप. फॉर्म सोळाचा फोटो येतो. त्यात कोपऱ्यात अंगठा, मधोमध पंख्याची सावली आणि नेमकी करकपातीची रक्कम सावलीखाली. "नीट पाठवा" म्हटलं की तोच फोटो पुन्हा येतो, या वेळी आडवा. बँक स्टेटमेंट येतं ते पासवर्ड लावून, आणि पासवर्ड विचारला की "तुमच्याकडंच असंल की" असं उत्तर येतं. मग सकाळी साडेसहाला "सुप्रभात"चं गुलाबाचं चित्र. ते मात्र अगदी स्पष्ट असतं, पाकळीवरचा दवबिंदूसुद्धा दिसतो.

आमच्या जिल्ह्याचं स्वतःचं असं एक खास दुखणं आहे, ते इतर गावच्या व्यावसायिकांना सांगूनही कळत नाही. विटा, खानापूर, आटपाडी या भागातले लोक पिढ्यान्‌पिढ्या सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात आहेत आणि त्या निमित्ताने देशभर पसरलेले आहेत. दुकान मदुराईत, बँक खातं तिथलंच, रिटर्न मात्र सांगलीत, कारण "आपल्या माणसाकडं असलेलं बरं." आपल्या माणसाची काहीच तक्रार नव्हती. पण मग ओटीपी आला.

रिटर्न अपलोड केलं की तीस दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. आधारला जोडलेल्या मोबाइलवर आकडा येतो, तो आपण टाकायचा, संपलं. पार्टी मदुराईला. आधारला जोडलेला नंबर पार्टीच्या वडिलांचा, कारण आधार काढलं तेव्हा घरात तेवढा एकच फोन होता. वडील विट्याजवळच्या गावात. मी मदुराईला फोन करतो, मदुराई गावी फोन करते. वडील रानात आहेत, फोन घरी आहे. घरातला फोन नातवाकडे आहे आणि नातू त्यावर गेम खेळतो आहे. ओटीपी आला, पण नातवाला तो गेमच्या आड येणारा कचरा वाटला आणि त्याने बोटाने वर सरकवून दिला. दुसऱ्यांदा पाठवला. तो आजीने वाचला. आजी आकडे वाचते, पण मराठी पद्धतीने: "चौऱ्याऐंशी, एकूणसाठ, बारा." एकूणसाठ म्हणजे नेमकं काय, यावर मदुराई आणि सांगलीत मतभेद झाले. माझ्या ऑफिसमधल्या मुलाला, जो इंग्रजी माध्यमातला, चौऱ्याऐंशीच माहीत नव्हतं. तोवर ओटीपीची मुदत संपली. ही हकिगत मी रात्री गाडीवर सांगितली तेव्हा मॅडमनी सहानुभूती दाखवली नाही, नुसतं विचारलं, "फक्त नातू? माझ्या पार्टीचा नंबर घटस्फोट झालेल्या बायकोकडे आहे."

यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. अशा बैठकीत वरचढ दुःखाला मान द्यायची रीत आहे.

शेतीचा विषय निघाला की मात्र काका सरसावून बसतात. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, कलम दहा पोटकलम एक, हे आमच्या जिल्ह्यात पोरगं अंगणवाडीत शिकतं. त्यामुळे बँकेत कुठलीही रक्कम आली आणि ती कुठून आली हे आठवेनासं झालं, की पार्टी खुर्चीत मागे रेलून म्हणते, "शेतीत दाखवा की साहेब." सातबारा कुठाय? आहे. किती? वीस गुंठे. पीक? ऊस. वीस गुंठ्यांत एवढा ऊस? "जमीन लई कसदार आहे ओ." काकांचं म्हणणं असं, की आजवर सांगलीतून भरलेल्या रिटर्नांतलं शेतीउत्पन्न खरं मानलं, तर जिल्ह्याची हद्द कोकणात उतरून समुद्राला लागली पाहिजे, आणि मग आपल्याकडे मासेमारीचेही क्लायंट आले असते.

दुसरा त्यांचा आवडता विषय घरखर्चाचा. पार्टीच्या भांडवल खात्यातून घरखर्चासाठी उचल म्हणून जी रक्कम दाखवलेली असते, ती पाहून डोळ्यांत पाणी येतं. दोन गाड्या, बंगला, मुलगा बंगळूरला शिकायला, आणि महिन्याला घरखर्च आठ हजार. काकांनी एकदा अशा गृहस्थांना समोर बसवून अत्यंत काळजीने विचारलं, "तुमच्याकडं वर्षभर श्रावण असतो का?" गृहस्थ म्हणाले, "न्हाई ओ, बुधवार-रविवार असतंय की." "मग मटणाचे पैसे कोण देतो?" गृहस्थ विचारात पडले. मग म्हणाले, "ते शेतीत दाखवा."

हल्ली खात्याकडे एआयएस नावाचं वार्षिक माहितीपत्रक आहे. तुमचं व्याज, शेअर, म्युच्युअल फंड, जमिनीचे व्यवहार, सगळं त्यात आधीच येऊन बसलेलं. २०२१ च्या नोव्हेंबरात ते सुरू झालं आणि आमच्या कामाचं रूपच पालटलं. पूर्वी आम्ही पार्टीला विचारायचो, "आणखी काही उत्पन्न?" आता आम्ही विचारत नाही, आम्ही वाचून दाखवतो. एखादी ठेव वाचून दाखवली की पार्टी दचकते, खुर्ची पुढे ओढते, दाराकडे पाहते. आपल्याला वाटतं, आता म्हणेल दाखवू नका. तसं नसतं. "टॅक्स भरतो साहेब, किती म्हणाल तेवढा भरतो," पार्टी कुजबुजते, "पण घरी फोन केलात तर हिच्यापुढं त्या एफडीचं काढू नका." खात्याला कळलेलं चालतं.

आमचे सगळे विनोद क्लायंटवर असतात असं मात्र नाही. थोडे सरकारवर असतात आणि ते सांगण्याचा हक्क वकीलसाहेबांचा. दरवर्षी २४ जुलैला ते आम्हाला आयकर दिनाच्या शुभेच्छा देतात. १८५७ च्या धामधुमीनंतर इंग्रज सरकारची तिजोरी रिकामी झाली, ती भरायला जेम्स विल्सन नावाचा अर्थतज्ज्ञ विलायतेहून कलकत्त्याला आला आणि त्याने इथे आयकर आणला. तो कायदा २४ जुलै १८६० चा, म्हणून तो दिवस. देशातल्या तमाम करसल्लागारांना वर्षात ज्या आठवड्यात डोकं खाजवायला फुरसत नसते, नेमका त्या आठवड्यात त्यांचा सण. इथवर आम्ही ऐकून घेतो. मग वकीलसाहेब आवाज खाली आणतात: त्याच वर्षी ११ ऑगस्टला विल्सन कलकत्त्यातच वारला. कायदा झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत. डॉक्टरी कारण हगवण असं नोंदलेलं आहे. "माणूस हिवतापाने जाईल, हगवणीने जाईल, पण वेळ बघा," वकीलसाहेब म्हणतात. "पहिल्या हंगामाचा पहिला बळी." काका दरवर्षी त्यावर एकच बोलतात, "पोर्टल नव्हतं म्हणून तीन आठवडे तरी टिकला."

पोर्टलबद्दल मी फार लिहीत नाही. ७ जून २०२१ ला नवं पोर्टल आलं, ते इतकं चाललं नाही की ऑगस्टात खुद्द अर्थमंत्र्यांनी ते बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांना बोलावून जाब विचारला, हे वर्तमानपत्रांत येऊन गेलेलं आहे. त्या पावसाळ्यात आणि पुढे हिवाळ्यातही आमचा दिवस रात्री दीडला सुरू व्हायचा. देश झोपला की चक्र फिरायचं थांबायचं आणि पान उघडायचं. आमच्या ग्रुपवर मध्यरात्री फक्त एक शब्द पडायचा: "चालू?" कुणीतरी लिहायचं: "चालू." की लगेच तीन खिडक्यांत दिवे. मॅडमच्या सासूबाईंनी एकदा काळजीने विचारलं म्हणे, की रात्री दोनला तुला 'चालू' असा निरोप पाठवणारा हा काका कोण?

आणि मुदतवाढ. तिच्याविषयी बोलताना आमच्यातला शहाण्यातला शहाणा माणूस बालिश होतो. २०२२ साली मुदत वाढली नाही. ३१ जुलै, तोही रविवार, आणि त्या एका दिवसात देशभरात ७२ लाख ४२ हजार रिटर्नं भरली गेली. हा आकडा सरकारने अभिमानाने जाहीर केला. आम्हाला त्यात अभिमान दिसला नाही, ७२ लाख पिशव्या दिसल्या. याउलट २०२५. मे महिन्यातच खात्याने ३१ जुलैची तारीख १५ सप्टेंबरवर नेली. आम्ही खूश झालो. पार्ट्या त्याहून खूश झाल्या, कारण त्यांनी तो आनंद थेट अनंत चतुर्दशीपर्यंत साजरा केला. ६ सप्टेंबरला गणपती गेले आणि आम्ही फोन करायला सुरुवात केली, तर एक पार्टी म्हणाली, "आत्ता पितृपक्ष लागला की ओ. घट बसले की सही करतो." मी हे काकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "त्याला सांग, रिटर्न हे शुभकार्य आहे असं कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही. उलट पितरांनाच बरं वाटेल, कुणीतरी देतंय म्हणून."

शेवटच्या दिवसांत ३० सप्टेंबरपर्यंत वाढ मिळाल्याचं एक बनावट पत्रक सगळीकडे फिरलं. ते मला ज्यांनी पाठवलं त्यांच्यात अशाही पार्ट्या होत्या, ज्यांनी तोवर माझा एकही निरोप उघडला नव्हता. खात्याने ते खोटं असल्याचं सांगितलं. मग १५ तारखेच्या मध्यरात्रीच्या तोंडावर खरी वाढ मिळाली. एक दिवस. चोवीस तास! वकीलसाहेबसुद्धा त्या रात्री खाली आले होते, नुसते बघायला. मॅडम कॉम्प्युटर बंद करून, पर्स खांद्याला लावून निघालेल्या, त्यांनी मोबाइलवर बातमी वाचली, पर्स पुन्हा टेबलावर ठेवली आणि इतकं हसल्या, इतकं हसल्या, की त्यांच्याकडे आर्टिकलशिप करणारी मुलगी घाबरून पाणी घेऊन आली. (त्या मुलीची आर्टिकलशिप आता दोन वर्षांची आहे, आमच्या वेळची तीन होती, आणि एक वर्ष कमी झाल्याबद्दल तिच्या चेहऱ्यावर त्या रात्री जी कृतज्ञता दिसली ती मी विसरणार नाही.)

सांगलीत पावसाळ्यात आम्ही दोन आकडे एकदम बघतो. एक आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी, दुसरा शिल्लक रिटर्नांचा. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. जुलै अखेरीला ग्रुपवर कुणी "अडतीस" लिहिलं, तर खाली हमखास प्रश्न येतो: "पाणी की पेंडिंग?"

२०१९ मध्ये दोन्ही आकडे वर गेले. त्या वर्षी मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढवलेली होती आणि ऑगस्टच्या पहिल्याच पंधरवड्यात पाणी गावात शिरलं. काकांचं ऑफिस तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तेव्हा कपाटं आडवी झाली होती आणि फायली फुगून पावासारख्या झाल्या होत्या. त्या उचलायच्या कशा, हाच प्रश्न होता. एका टोकाला धरलं की दुसरं टोक हातात येत नव्हतं. मॅडमचं घर विश्रामबागेत वरच्या मजल्यावर, गच्ची मोठी. आम्ही सगळ्यांनी मिळून काकांच्या फायली टेम्पोत घालून तिथे नेल्या, दोऱ्या बांधल्या आणि एकेक कागद चिमट्याने वाळत घातला. ताळेबंद, नफा-तोटा पत्रकं, भागीदारीचे करार, चलनं. गावातल्या निम्म्या पेठेची अब्रू त्या गच्चीवर वाऱ्यावर हलत होती. आम्ही तिघंही काकांचे प्रतिस्पर्धी. कुठली पार्टी किती कमावते, कुणाची उलाढाल मॅडमकडच्या जुन्या ताळेबंदात वेगळी होती, कोण मला "यंदा धंदाच नाही" म्हणून फी कमी करायला लावतो, सगळं डोळ्यांसमोर दोरीवर. मी शपथेवर सांगतो, कुणीही वाचलं नाही. म्हणजे वकीलसाहेब चष्मा घरी विसरले होते, मॅडम कागद उलटे टांगत होत्या आणि मी वर आभाळाकडे बघून चिमटे लावत होतो, त्यामुळे निम्मे चिमटे बोटाला लागले. काका पायरीवर बसून हे सगळं पाहत होते. शेवटी म्हणाले, "वाचा रे. तुम्हाला वाटतंय तेवढं काही नाहीये त्यात. सगळं शेतीत दाखवलंय."

त्या वर्षी खरोखर पुष्कळांचे कागद गेले, त्याची थट्टा नाही. पण नंतर आमच्याकडे जो उठेल तो "कागद पुरात गेले" म्हणू लागला. मॅडमकडे एक पार्टी आली, तिनेही हेच सांगितलं. गाव विचारलं तर जत. जत! जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, त्या तालुक्यात कृष्णा जायची तर तिला वाटेत बराच डोंगर चढावा लागला असता. मॅडमनी अत्यंत नम्रपणे विचारलं, "पूर जतपर्यंत आला होता?" पार्टी डगमगली नाही. "न्हाई मॅडम. कागद सांगलीला पाव्हण्याकडं ठेवले होते." ही गोष्ट ऐकून काकांनी गाडीवर सगळ्यांना चहा पाजला. त्यांच्या मते आमच्या व्यवसायातली आजवरची जी सर्वोत्तम स्पष्टीकरणं आहेत, त्यांत याचा नंबर पहिला.

यंदा मात्र काका थोडे उदास आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला. १९६१ चा कायदा, जो १ एप्रिल १९६२ पासून चालत आला, तो गेला. काकांना त्या कायद्यातली कलमं तोंडपाठ, नातवंडांचे वाढदिवस नाहीत. आता ऐंशी सी म्हणजे एकशे तेवीस आणि एकशे एकोणचाळीस म्हणजे दोनशे त्रेसष्ट. त्यातून या जुलैतली रिटर्नं आधीच्या वर्षाची, म्हणजे ती जुन्याच आकड्यांनी, त्यामुळे दोन्ही पाढे एकदम म्हणायचे. पण काकांचं खरं दुःख वेगळंच. नव्या कायद्यात मागील वर्ष आणि आकारणी वर्ष असा घोळ नाही, सरळ एकच कर वर्ष. ज्या वर्षाचं उत्पन्न त्या वर्षाचं नाव. "चाळीस वर्षं मी प्रत्येक माणसाला हा फरक समजावून सांगतोय," ते म्हणाले, "आणि एकालाही समजला नाही. आता समजवायचं कारणच उरलं नाही. मग लोक आल्यावर बोलायचं काय?"

बोलायला विषय कमी पडणार नाहीत. बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही हे २०२५ च्या बजेटमध्ये जाहीर झालं, त्या दिवसापासून आमची निम्मी शक्ती "टॅक्स नसला तरी रिटर्न भरावं लागतं" हे पटवण्यात जाते. आणि पुढची निम्मी "शेअर विकून झालेल्या नफ्याला ती सवलत नाही" हे सांगण्यात. "मोबाइलवर बातमी आलीय साहेब, तुम्हाला म्हाईत न्हाई," असं म्हणून पार्टी आमच्याकडे ज्या करुणेने पाहते, ती आम्ही गाडीवर एकमेकांना करून दाखवतो. मॅडम सर्वांत हुबेहूब करतात.

परवा दुपारी माझ्याकडे एक नवी पार्टी आली. पिशवी घेऊन. आधी कुणाकडे होतात, विचारलं तर तळमजल्याकडे बोट दाखवलं. "लई चिडचिड करतात ओ ते." मी त्यांना बसायला सांगितलं, आत जाऊन काकांना फोन लावला. अशा वेळी आधीच्या माणसाला विचारायची पद्धत आहे.

"काका, तुमची एक पार्टी आलीय माझ्याकडे."

"गुळाचा व्यापारी?" काकांनी विचारलं. पुढे पाच सेकंद शांतता. मग एकदम मोकळा, तरुण आवाज: "घे, घे. आनंदाने घे."

"फी राहिलीय का तुमची?"

"राहिलीय. पण तू मागू नकोस, नाहीतर तो परत माझ्याकडे येईल."

"बरं. पोर्टलचा पासवर्ड सांगता?"

"लिहून घे. कटकट. पहिला के मोठा. मग ॲट, मग दोन हजार सतरा."

मी लिहून घेतला आणि म्हटलं, "आज बदलून टाकतो."

"बदलू नकोस," काका म्हणाले. "मधे दोन वर्षं तो मॅडमकडेही होता. त्यांनीसुद्धा हाच ठेवलाय."